सोनखडकचं नाव बाटलीवर

निफाडला एसटीतून उतरलो तेव्हा फेब्रुवारीचं ऊन अजून कोवळं होतं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट; नाशिककडे वाईनचे कारखाने नुकते उभे राहत होते. मी कोल्हापूरकडचा. आमच्या गावाचा गूळ व्यापाऱ्याच्या हाती पडला की 'कोल्हापुरी' होतो आणि गाव पुसलं जातं. त्याची चीड मनात होती. निफाडजवळच्या सोनखडक गावच्या शेतकऱ्यांनी वाईनच्या एका कारखान्याकडून वचन घेतल्याचं कळलं आणि निघालोच. वचन असं: द्राक्षं कसाला उतरली तर त्यांची वाईन वेगळी ठेवायची आणि बाटलीवर गावाचं नाव छापायचं.

त्या शेतकऱ्यांपैकीच एक, मंदाकाकू; त्यांनी भाकरी-ठेचा खाऊ घातला आणि बागेत नेलं. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी सावेनिएर नावाचा चिमुकला भाग आहे. तिथल्या वाईनला शेनिन ब्लां ही द्राक्षाची एकच जात चालते. तीच इथल्या मुरमाड जमिनीत उभी होती. घड आवळलेले, मणी बारीक.

बांधावरून त्यांचे दीर भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, ही द्राक्षं हायेत का ज्वारी?"

"ज्वारी समजा, भाऊजी. तुमच्या ताटात नाय वाढत."

इकडे खायच्या द्राक्षांचं डिपिंग करतात (मणी फुगावेत म्हणून घड औषधाच्या पाण्यात बुडवतात). थंडीत भाऊसाहेब मायेनं औषधाची बादली घेऊन आले होते. काकूंनी ती बांधावरूनच परत पाठवली. मणी फुगले असते तर वाईन पाणचट झाली असती आणि नाव हुकलं असतं.

दुपारी कारखान्याचा अधिकारी सावेनिएरहून आलेल्या, वाईन बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या पाहुण्याला घेऊन आला. म्हाताऱ्यानं मणी चावला, बी दाताखाली फोडलं. पुढच्या ओळीत जाऊन पुन्हा तेच. शेवटी तो फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"वेगळी टाकी धुवून ठेवा म्हणतोय," अधिकारी म्हणाला.

"आणि नाव?"

"त्यांच्याकडे गावाचं मोठं छापतात, मालकाचं बारीक. आपणही तसंच करू."

भाऊसाहेबांनी हळूच एक मणी तोंडात टाकला. "लय गोड हाय की."

"मग उद्या पहाटे कात्री घेऊन या," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेटनी भरलेला ट्रॅक्टर गावातून निघाला, तेव्हा लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. मी मोर्चे आणि घोषणांत वाढलेला माणूस. तिथं मात्र घोषणेची गरजच नव्हती. गावाला हे नाव कुणी दान दिलं नव्हतं. गावानं ते पिकवलं होतं.

परतीच्या एसटीत शेजाऱ्यानं विचारलं, "कुठून आलात?"

"सोनखडकहून," मी म्हणालो. तालुका, जिल्हा सांगितला नाही.