आईच्या प्रश्नाला नलिनी मॅडमनी दिलेलं अर्धं उत्तर

डॉ. नलिनी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते कतारगामच्या आमच्या वस्तीत. मलेरियातून उठलेल्या माणसांकडे त्या रक्ताचे नमुने मागत होत्या. "ताप तर गेला, आता रक्त कशाला?" शेजारच्या काकूंनी विचारलं. मॅडम त्यांच्या ओट्यावर बसल्या. "ताप असतो तेव्हा शरीर लढतं, काकू. त्या लढाईतलं त्याच्या काय लक्षात राहिलं, ते ताप गेल्यावरच कळतं." मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. पुढे एम.एस्सी. करून त्यांच्याच प्रयोगशाळेत रुजू झाले.

आमचं काम बी पेशींवर चालतं. रक्तातल्या या पेशी मलेरियाच्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात. काही पेशी पुढच्या वेळेसाठी त्याची ओळख जपून ठेवतात. पण वारंवार मलेरिया होणाऱ्यांच्या रक्तात काही बी पेशी सुस्तावल्यासारख्या दिसतात. पहिल्या अहवालात मी त्यांना 'थकलेल्या' म्हटलं होतं. मॅडमनी त्या शब्दाखाली रेघ ओढली. "थकल्यात, की दुसरंच काही काम करताहेत? आपल्याला ठाऊक नाही ना? मग दिसलं तेवढंच लिही."

गेल्या वर्षी हजीऱ्याच्या एका कारखान्यात मला कायमची नोकरी मिळत होती. वडील कापडाच्या लूमवर कामाला, आई घरी साड्यांना टिकल्या लावते. घरातली पहिली पदवीधर मी. संशोधन सोडायचं, हे जवळपास ठरलंच होतं. मॅडमना कळलं आणि त्या घरी आल्या. मला वाटलं, माझं कौतुक करतील. त्यांनी आईला बी पेशी समजावून सांगितल्या.

आई म्हणाली, "मंग माले परत परत मलेरिया काबर होस, ते ही पोर शोधी काढी का?"

"ती शोधते आहे," मॅडम म्हणाल्या. "सापडेलच, असं मी सांगत नाही."

"तुम्हले सापडनं का?" वडिलांनी विचारलं.

"थोडंसं. इतकी वर्षं झाली, पण पुरतं नाही."

आई हसली. "मंग तुम्हले एकटीले कसं जमी? ठेवा हिले."

मॅडमनी त्या दिवशी एखादं गोड आश्वासन दिलं असतं, तर वडिलांनी आदरानं मान डोलावली असती आणि मला हजीऱ्याला धाडलं असतं. पण वडिलांनी नंतर त्या नोकरीचं नाव काढलं नाही.

साठी पूर्ण करणाऱ्या मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि उरलेलं उत्तर आईला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळो.