वेणीमाधवांच्या मुलतानीतली मुद्रा

वेणीमाधव गायधनी बंदिशी बांधतात, हे आमच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फारसं कुणाला माहीत नव्हतं. कंट्रोल रूममध्ये पॅनेलसमोर बसून ते गुणगुणत, पण तिथल्या घरघरीत ते खपून जाई. मी शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, म्हणून मला माहीत. लिहिण्याची मला सवय नाही, गाण्यातलंही बेताचंच कळतं. पण त्यांच्याबद्दल लिहिणारं दुसरं कुणी दिसत नाही.

घर पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी करणारं. ते काम धाकट्या भावाने सांभाळलं. यांनी डिप्लोमा करून नोकरी धरली आणि सुटीच्या दिवशी निवृत्तीबुवांकडे गाणं शिकायला जाऊ लागले. बुवा नावाजलेले रचनाकार. बंदिशीच्या दुसऱ्या भागात, म्हणजे अंतऱ्यात, रचणारा आपलं टोपणनाव गुंफतो. त्याला मुद्रा म्हणतात. बुवांची मुद्रा होती 'गोदरंग'.

एका वर्षी पूर ओसरल्यावर वेणीमाधवांनी गंगेवरचे, म्हणजे आमच्या गोदावरीवरचे, ओकेबोके घाट पाहिले आणि मुलतानी रागात बंदीश बांधली, 'जल उतर गयो, घाट भये सूने'. बुवांना ती भीत भीतच ऐकवली. शिकत असताना स्वतःच्या नावाने चीज बांधणं म्हणजे तेव्हा आगाऊपणा. म्हणून त्यांनी अंतऱ्यात 'गोदरंग' घातलं होतं. बुवा म्हणाले, "पुन्हा म्हण." पुढच्या आठवड्यापासून ते ती सगळ्यांना शिकवू लागले. शिष्यांबरोबर ती पुण्या-मुंबईच्या मैफलींत गेली. सगळीकडे बुवांची म्हणूनच गेली, कारण अंतऱ्यात तसंच होतं.

वेणीमाधवांनी पुढे बऱ्याच बंदिशी केल्या, स्वतःची मुद्रा एकीतही घातली नाही, पण बाहेर लोकांनी उचलली ती ही एकच. बुवा गेले, नोकरी संपली, पंचाहत्तरी झाली. ही एक तरी आपल्या नावाने राहावी असं त्यांना वाटू लागलं. ते बोलून दाखवायला मात्र वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात बुवांचा मुलगा गौरांग त्यांच्याकडे आला. बुवांच्या रचनांचं पुस्तक काढायचं होतं, सोबत ध्वनिमुद्रण. जुन्या चाली नीट येणारे हेच उरले होते. तो मुलतानीपाशी आला तेव्हा वेणीमाधव खाली बघत म्हणाले, "ही माझी आहे रे."

मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, आता बिनसणार. गौरांग म्हणाला, "आईला शंका होतीच, वेणूकाका. ती म्हणायची, यांना घाट कधी रिकामे दिसले? हे तर दहाला उठतात." मग त्यानेच सुचवलं, "तुमची मुद्रा घालून गा. तशीच छापू."

त्यांची शिष्या सुमेधा एका बँकेत आहे. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "काका, इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाचं पार्सल वाटत फिरलात. आता तरी पत्ता बदला." त्यांच्या पत्नी, आशावहिनी, आतून म्हणाल्या, "जन्मभर शिफ्ट बदलल्या. एक नाव बदलायला किती विचार करायचा?"

सुमेधानेच 'वेणिदास' शोधलं. ते मात्रांत चपखल बसत होतं. आठवडाभर दोघांनी ते घोटलं.

ध्वनिमुद्रणाला मीही गेलो, तंबोरा धरायला. अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, सुरेख झाली. अंतऱ्यात आवाज वर चढला, 'वेणिदास'मधला 'दा' बरोबर समेवर, तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर आला, आणि ते थांबले. तबलजीला वाटलं, आपलं चुकलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच थांबले.

"काय झालं, काका?" सुमेधाने विचारलं.

"इथे 'रं' होता. त्याच्या अनुस्वारावर सूर मिटत जायचा. हा 'दा' उघडाच राहतो."

"ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना. ती जागा मी त्या नावासाठीच केली होती."

"म्हणजे परत बुवांचीच?"

 तबलजीला खूण करून त्यांनी बंदीश पहिल्यापासून घेतली आणि 'गोदरंग' म्हणून पूर्ण केली. सुमेधा बाहेर जाऊन उभी राहिली.

पुस्तकात त्या पानावर, बंदिशीखाली, 'रचना : वेणीमाधव गायधनी' असं छापलं आहे. गौरांगने ते न विसरता केलं. प्रकाशनाला सुमेधा तीच बंदीश 'गोदरंग' म्हणूनच गायली. मागच्या रांगेत एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बुवांचं हे काम म्हणजे काय." वेणीमाधव माझ्या शेजारी होते. त्यांनी ते ऐकलं असावं. मी विचारलं नाही. गाणाऱ्यांना पुस्तकाचं पान दिसत नाही, तोंडी येते ती मुद्रा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्यानंतर सुमेधा महिनाभर फिरकली नाही. मग आली, आणि काही झालंच नाही अशा थाटात तंबोरा लावायला बसली.

मध्यंतरी मी गेलो तर ते पटदीप रागात काहीतरी जुळवत होते. नवीन बंदीश आहे. या वेळी त्यांनी 'वेणिदास' आधी ठेवलं आहे आणि त्याच्याभोवती चाल बांधायला घेतली आहे. त्यामुळे अंतरा झाला आहे. अस्ताई अजून व्हायची आहे. सुमेधा म्हणते, जगात असं उलटं कुणी करत नाही.

"पहिलीच आहे," ते म्हणाले. "लागेल थोडा वेळ."