पुठ्ठ्याआडची हाक

कॅसेटकाकांच्या हातात टेप ठेवली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. शिंप्याच्या दुकानामागची अरुंद खोली, तिला खिडकी नाही. टेबलावर यंत्रांवर यंत्रं रचलेली, आणि त्या ढिगामागे हा माणूस. काही विचारलं की आधी चष्मा पुसणार, मग उत्तर देणार. पुसायला वेळ लागला की मी समजून जायचे, उत्तर शिजतंय.

तरुणपणी ते लग्नांचं शूटिंग करायचे. जड कॅमेरा वाहून उजवा खांदा जो खाली गेला तो गेलाच. पुढे लोक आपापल्या फोनवर लग्नं काढायला लागले, आणि काकांनी जुन्या टेपांच्या डीव्हीडी करून द्यायचं काम धरलं. कितीतरी घरांचं बालपण त्यांच्या कपाटात नंबर लागायची वाट पाहत पडलेलं असे. एकटे राहायचे. दुपारचा चहा शिंप्याबरोबर, आणि बाकी वेळ दुसऱ्यांच्या पोरांचे वाढदिवस बघणं.

माझ्या टेपेत वाढदिवस नव्हता. माझी टिचकी होती, दीड वर्षाची.

टिचकी आता सात वर्षांची आहे आणि तिला जवळजवळ ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट हवी होती. ती जन्मापासूनच अशी आहे, की आधी ऐकत होती आणि मग कान गेले? पुढचं सगळं त्यावर ठरणार होतं. "लहानपणीचं काही चित्रण आहे का?" त्यांनी विचारलं. माझ्या भावाच्या जुन्या कॅमेऱ्यावर काढलेली एक टेप होती. एवढीच.

"जन्मापासूनच असणार," टिचकीचे बाबा म्हणायचे. "आपल्या लक्षात आलं नसेल." त्या 'आपल्या'चा अर्थ 'तुझ्या' असा होतो हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सांगायचे, माझ्या हाकेला ती वळायची. ते मान हलवायचे, वेड्याला समजवावं तशी.

डीव्हीडी आली. आम्ही टीव्हीसमोर बसलो. डाव्या बाजूला हे भिंतीत फळीसाठी खिळे ठोकतायत. उजवीकडे टिचकी जमिनीवर, आमच्याकडे पाठ करून, हातात बाबांचा बूट. मी कॅमेऱ्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात आहे, म्हणजे चित्रात नाही. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग मध्येच कुठेतरी आवाज मागे पडला. हातोडा खिळ्यावर पडून परत वर गेला की मग ठक्क. आणि टिचकी मागे वळून बघते, पुन्हा बुटाकडे वळते, आणि मग माझी हाक येते: "टिचके!"

"बघ," हे म्हणाले, "हाक आली तेव्हा ती बुटातच होती."

"अहो, तुमचा हातोडासुद्धा आवाजाच्या आधी पडतोय, ते दिसत नाही?"

डॉक्टरीणबाईंनाही ते दिसलं. "आवाज मागेपुढे झालाय. यावरून मी काही सांगू शकत नाही. नीट करून आणा."

काकांनी चष्मा पुसला. "तुमचा प्लेअर जुना असेल, ताई."

मी डिस्क शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लावली. भावाच्या कॉम्प्युटरवर लावली. घोटाळा तोच, आणि त्याच जागी.

"मग डिस्क घाईत बनली असेल. हळू वेगाने दुसरी काढतो."

दुसरीचंही तेच. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर बोलले. शिंप्याने पलीकडे मशीन थांबवून कान दिला.

तिसऱ्या डिस्कवर टिचकी बरोबर हाकेसरशी वळली. मला आनंदाने उडी मारायला हवी होती. पण मी पहिल्यापासून लावून पाहिलं, आणि आता सुरुवातीचे ठोके हातोडा पडायच्या आधीच वाजत होते. काकांनी सगळाच आवाज अलीकडे ओढला होता. हाकेपाशी जुळवला होता, बाकी गेलं खड्ड्यात. मला जे बघायचं होतं तेच मला दाखवलं होतं. उद्या डॉक्टरीणबाईंसमोर ही खोटी डिस्क लावली असती, आणि तिच्यावर माझ्या मुलीच्या कानांचं ठरलं असतं!

"मूळ टेप माझ्यासमोर चालवा," मी सांगितलं.

"नको ताई. टेप नाजूक आहे. पुन्हा चालवायला नको."

"मग परत द्या."

"देतो ना. हे काम संपलं की देतो."

माणूस ताकास तूर लागू देईना. माझी खात्री झाली, टेप नाहीच उरलेली. नवरा म्हणाला, "अगं, म्हातारा माणूस आहे. तुला तर दूधवालासुद्धा संशयित वाटतो."

"दूधवाला पाणी घालतोच," मी म्हटलं.

मी पहिली डिस्क घरी परत परत लावत बसले. चूक कुठे सुरू होते ते कान देऊन शोधत होते, पण ठोके आले की मी ठोक्यांत अडकायचे. टिचकी शेजारी येऊन बसली. तिला आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं, ती नुसती बघत होती. एकदम तिने माझा दंड ओढला.

"आई, बूट उडाला."

"कुठे उडाला?" तिला माझे ओठ दिसतील असं वळून मी विचारलं.

तिने रिमोट घेऊन मागे नेलं. टिचकीच्या हातात बूट. आणि लगेच बूट जमिनीवर, उलटा. खाली ठेवलेला नाही, टाकलेला नाही. मधलं चित्रच नव्हतं. त्याच्या आधी प्रत्येक ठोका हातोड्याबरोबर होता. त्याच्यानंतरचा प्रत्येक ठोका उशिरा.

मी टिचकीला घेऊनच दुकानात गेले. दारातूनच विचारलं, "काका, बूट हातातून जमिनीवर कसा गेला?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत पुसला. मग खण उघडून चष्म्याचंच एक जुनं घर बाहेर काढलं. आत चुरगळलेली, तपकिरी टेपेची पट्टी होती.

"यंत्राने खाल्ली," ते म्हणाले. "मी टेप दोनदा चालवतो. आधी नुसता आवाज उतरवून घेतो, त्यातली खरखर काढायला. मग चित्र. आवाज नीट उतरला होता. चित्राच्या वेळी टेप अडकली आणि तुटली. खराब झालेला तुकडा कापला आणि जोडली."

म्हणजे आवाज अख्खा, आणि चित्रात भोक. भोकाच्या पुढे चित्र आधी पळणार आणि आवाज मागून येणार. इतकी साधी गोष्ट लपवायला या माणसाने माझ्या प्लेअरपासून डिस्कच्या वेगापर्यंत सगळ्यांना आरोपी केलं होतं.

"मग पहिल्याच दिवशी सांगायला काय धाड भरली होती?"

"एकाला सांगितलं होतं, ताई. त्याच्या वारलेल्या वडिलांची टेप होती. तो या दारात उभा राहून असा ओरडला, की वर्षभर कोणी टेप घेऊन आलं नाही. तेव्हापासून तुटलं तर जोडतो आणि गप्प बसतो." मग हळूच म्हणाले, "तुकडा मात्र कोणाचाच फेकत नाही."

शिंपी आत डोकावला. "मी म्हणत होतो ना तुला, बाईंना सांगून टाक?"

"तू शिव," काका म्हणाले.

मला राग आला होता आणि तो जाईना. "आता नीट करा. पण तुम्ही टिचकीकडे बघून आवाज जुळवाल, मला बरं वाटावं म्हणून. तिसऱ्या डिस्कला तेच केलंत."

"केलं," ते म्हणाले. मग टेबलाखालून एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पडद्याच्या उजव्या अर्ध्यावर चिकटवला. टिचकी झाकली गेली. राहिले फक्त तिचे बाबा, भिंत आणि हातोडा.

"हाकेपुरता स्पीकरही बंद करतो. फक्त ठोक्यांवर जुळवू. तुम्ही बसा इथे, मान वळवू नका."

त्यांनी बूट उडतो तिथे आवाज कापला, आणि त्यापुढचा सगळा आवाज अलीकडे ओढून आणला. हातोडा पडला, ठक्क. थोडा उशिरा. अजून ओढला. आता लवकर. परत मागे. हातोडा आणि ठक्क एक झाले. पुढचा ठोका, त्याच्या पुढचा, शेवटचा, सगळे मी डोळ्यांत तेल घालून बघितले. एकही चुकला नाही.

"आता काही हलवायचं नाही," मी म्हटलं.

"माउस तुमच्याकडे घ्या," काका म्हणाले, आणि पुठ्ठा काढला.

मी सुरू केलं. हे खिशात पुढचा खिळा शोधतायत, ठोकणं थांबलेलं. टिचकी पाठमोरी. कोणी हलत नाही. आणि माझा आवाज, तरुण, घाईतला: "टिचके!"

तिची मान वळली. हाकेच्या आधी नाही, नंतर रेंगाळून नाही. हाकेला. दारातल्या मला शोधत ती सरळ आमच्याकडे बघून हसली.

शेजारी उभी असलेली टिचकी तिच्याकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "मी कोणाला बघते?"

मी स्वतःकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाईंनी ती जागा परत परत बघितली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली, मी काकांकडे तशीच बघत असे.

"आवाज नंतर बसवलेला नाही ना?"

"बसवलाय," मी म्हटलं. "पुठ्ठा लावून." आणि काकांकडून मागून आणलेलं चष्म्याचं घर पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ठोके स्वतः तपासले. मग कागदावर लिहिलं, की दीड वर्षाची असताना मूल हाकेला प्रतिसाद देत होतं, आणि पुढच्या तपासण्यांची तारीख दिली. हे शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझ्या लक्षात आलं नव्हतं." या वेळी 'आपल्या' नाही म्हणाले.

भावाकडे अजून टेपा निघाल्यात. त्या काकांकडेच दिल्या आहेत. फक्त यंत्रात घालायच्या वेळी ते मला फोन करतात, आणि मी समोर स्टुलावर जाऊन बसते. चष्मा पुसायला लागले की विचारते, "काय तुटलं?"