कोरडी मोटर

बाबा दुपारी विहिरीजवळच्या बाभळीखाली झोपायचे, पण कान उघडा ठेवून. मोटर पाणी ओढते तोवर तिचा आवाज भरलेला असतो. पाणी तुटलं की तो बारीक, चिरका होतो. तेवढ्याने जागे होऊन ते स्टार्टर बंद करायचे. मागच्या उन्हाळ्यात त्यांना ऐकूच आलं नाही आणि मोटर जळाली. तेव्हापासून त्यांनी दुपारची झोप सोडली. मोटर सुरू झाली की पाणी वाहतंय का ते कळावं म्हणून पाइपावर हात ठेवून बसतात. मला ते बघवत नाही.

मंगरूळपीरच्या बाहेर, वावरातच आमचं घर. बैठकीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी आसपासच्या भाजी पिकवणाऱ्यांची वेबसाइट चालवते. खानावळी तिच्यावर मेथी-पालक मागवतात आणि ते बघून संध्याकाळी तोडणी होते. साइट बंद पडली, तर किती तोडायचं ते कुणालाच कळत नाही.

त्या दुपारी माझा डोळा लागला. स्वप्नात विहीर होती, तळाशी ऊन सांडलेलं. बाबा बाभळीखाली झोपलेले. मोटरचा आवाज बारीक होत चालला, आणि ते काही उठेनात. मी धावत होते, वावर संपतच नव्हतं. "मोटर बंद करा!" असं ओरडतच मी जागी झाले.

चिरकत होता तो कॉम्प्युटरचा पंखा. साइट उघडेना. पाहिलं तर माझ्या प्रोग्रामची एकच प्रोसेस सगळा प्रोसेसर खाऊन बसलेली. बंद केली, तर ये रे माझ्या मागल्या, पुन्हा सुरू! मीच तिला तसं लावलं होतं. आमच्याकडे लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो लावतात, अगदी तसं. सवय हो, दुसरं काय!

मग स्वप्नाचाच धागा धरला. कोरडी फिरतेय, म्हणजे पाणी कुठंतरी तुटलंय. मागणीचे मेसेज पाठवणारी बाहेरची सेवा उत्तर देत नव्हती, आणि माझा प्रोग्राम दम न घेता तिला विचारत सुटला होता. दोन विचारण्यांमध्ये मी थोडी विश्रांती घातली. उत्तर नाहीच आलं तर गप्प बस, असंही सांगितलं. पंख्याचा आवाज उतरला. साइट उघडली, पालकाच्या मागण्या दिसायला लागल्या.

पाणी प्यायला आलेल्या बाबांनी कॉम्प्युटरवर तळवा ठेवला.

"मघाशी हात लावला तं तव्यावानी तापला होता हा. तुले कसं समजलं, माय?"

मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, "झोपेत आवाज आला."

"झोपेत?"

मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्यात शेतीची लाईन आली आणि विहिरीवरची मोटर सुरू झाली. त्यांना ते विहिरीकडे वळलेल्या माझ्या मानेवरून कळलं असावं. कोपऱ्यातलं पोतं त्यांनी उचललं.

"मंग मी पडतो जरासा बाभळीखाली," ते म्हणाले. "तू आयकशीन."