जठारपेठेतलं खारं पाणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. कॉलेजातल्या सहकाऱ्यांबरोबर मालवणला गेले होते. बाकीच्या बायका चपला हातात धरून काठावर फोटो काढत होत्या. मी होडीतून आत गेले, श्वासाची नळी तोंडात धरली आणि डोकं पाण्याखाली घातलं. खाली खडकावर प्रवाळ होतं. बोटांसारखं हलणारं, हात जवळ नेला की मिटणारं. ती झाडं नव्हती, जनावरं होती. नाववाला वरून हाका मारत राहिला आणि मी काही लवकर वर आले नाही.

अकोल्याला परतले ती ठरवूनच. असं काहीतरी माझ्या घरात असणार.

जठारपेठेत तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवते. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याजवळ राहते. थोरला भाऊ अमरावतीला वकील आहे. माझ्या आयुष्याचा खटला आपल्याच टेबलावर आहे अशा थाटात तो दर रविवारी फोन करतो.

त्या रविवारी मी त्याला सांगितलं की घरात समुद्राच्या पाण्याची टाकी बसवते आहे, मासे आणि प्रवाळ ठेवणार आहे.

"काहून?" तो म्हणाला.

"मला पाहिजे म्हणून."

"हे काही कारण झालं काय?"

"माझ्याकडे एवढंच आहे, दादा."

तो म्हणाला, "अकोल्यात समुद्र. लोकं हसतीन." मी म्हटलं, हसू दे. आमच्या घरात बाईने काही मागितलं की त्याला उपयोग चिकटवावा लागतो. शिलाई मशीन घेतलं तर संसाराला हातभार, गाणं शिकलं तर लग्नाच्या वेळी बरं. त्या दिवशी मी उपयोग सांगायचं नाकारलं, आणि फोन ठेवल्यावर मला फार हलकं वाटलं.

आईला सांगणं मात्र सोपं नव्हतं.

आईचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. त्या गावाच्या विहिरीचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, चहात दूध घातलं की फाटायचं, साबणाला फेस यायचा नाही. लहानपणी आई गोड्या पाण्यासाठी डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन शेजारच्या गावी चालत जायची. पाहुणे यायचे ते स्वतःची पाण्याची कॅन घेऊन. आणि माझा मामा, तिचा धाकटा भाऊ, किडन्या निकामी होऊन गेला. डायलिसिससाठी त्याला अकोल्याला आणायचे तेव्हा मी शाळेत होते. डॉक्टरांनी कारणं बरीच सांगितली होती. आईने त्यातलं एकच धरून ठेवलं.

मी टाकीचं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हातातली मेथी तिने खाली ठेवली.

"जलमभर ज्या पाण्यापासून पळाली मी, थे तू मीठ टाकून घरात बनवून राहिली?"

"आई, हे पिण्याचं नाही."

"मले समजते थे. मी त्या खोलीत पाय नाही ठेवणार."

"नको ठेवू," मी म्हणाले.

मला आजही वाटतं की तेव्हा याहून मऊ बोलता आलं असतं. पण मऊ बोलले असते तर टाकी आली नसती, हेही मला ठाऊक आहे.

माशांचं बरंचसं सामान अमरावतीच्या एका दुकानातून आणलं. दुकानदार गोल्डफिश आणि पोपट विकणारा, माझ्याच वयाचा. खाऱ्या पाण्याचं मीठ मागवून देशील का विचारलं तर तो हसला. "मॅडम, मे महिन्यात तुमच्या घरात फिश करी होईन." मुंबईतल्या एका मोठ्या विक्रेत्यालाही मी फोन केला होता. त्याने गावाचं नाव ऐकलं आणि सांगितलं की पाणी थंड ठेवणारं यंत्र नसेल तर या भानगडीत पडू नका, ते यंत्रही तुमच्या उन्हात थकेल. मी ऐकून घेतलं. मग वाचत बसले. पाण्यावरून वारा फिरला की पाण्याची वाफ होते आणि पाणी गार होतं. हवा जितकी कोरडी तितकं जास्त. आमच्या घरातला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो, आणि मुंबईत तो चालत नाही. जे ऊन सगळे माझ्याविरुद्ध मोजत होते, त्याचा कोरडेपणा माझ्या बाजूचा होता. टाकीवर लहान पंखे लावायचे, उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालायचं. बस.

टाकी आली, दोन माणसांनी जिन्यावरून चढवली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि स्लॅब खचेल म्हणाले. मी त्यांना कागदावर वजन काढून दाखवलं. त्यांच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाचंही काढून दाखवलं. ते खाली गेले.

फिल्टरचं शुद्ध पाणी साठवायला कित्येक फेऱ्या लागल्या. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मी बादल्यांत धरलं आणि त्यावर भांडी, फरशी, कुंड्या सगळं भागवलं. तरी मजल्यावर चर्चा झालीच. पाणी नाही आणि हिला मासे सुचून राहिले. मी दार उघडं ठेवून बादल्या मोजून घ्या म्हटलं. कोणी मोजल्या नाहीत.

मीठ विरघळवलं, खारटपणा मोजला, सच्छिद्र दगड रचले, लाट तयार करणारा पंप सुरू केला. आणि मग काहीच केलं नाही. नव्या टाकीत मासा लगेच सोडता येत नाही. दगडांत जिवाणू वाढावे लागतात, त्यांनी पाण्यात कुजणाऱ्या घाणीचं विष पचवायला शिकावं लागतं. ते होईस्तोवर दिवाणखान्यात नुसती दगडांची टाकी. येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावून विचारायचा, "मासे कुठी हायेत?" मी म्हणायचे, नाहीत. काही आठवड्यांनी दगडांवर तपकिरी मळ चढला आणि ते दृश्य खरंच ओंगळ दिसू लागलं. दादा अमरावतीहून आला, टाकीकडे पाहिलं, चहा प्यायला आणि एवढंच म्हणाला, "हे पाह्यला आणतं तू लोकायले?"

"मी लोकांना आणतच नाही. ते येतात."

मळ ओसरला. पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब घालून तपासलं तेव्हा विषाचा रंग दिसेनासा झाला होता. मग मत्स्यसंवर्धन केंद्रात वाढवलेले दोन नारिंगी मासे आले, पांढऱ्या पट्ट्यांचे. एक तांबड्या पट्ट्यांची कोळंबी आली. कठीण सांगाड्याच्या प्रवाळाला कायद्याने हात लावता येत नाही आणि मला लावायचाही नव्हता. नागपूरच्या एका हौशी माणसाने त्याच्या टाकीत वाढलेल्या मऊ प्रवाळाचे तुकडे दिले. पिशवीत ते मिटलेल्या मुठीसारखे दिसत होते. दगडावर चिकटवले तरी मिटलेलेच राहिले. एका सकाळी चहाचा कप घेऊन समोर उभी राहिले तर एक तुकडा उघडला होता, हिरव्या बारीक झालरीसकट. मागे स्वयंपाकघरात आई होती. तिला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. नाही यायचं म्हणाली होती ना.

आई तिचं म्हणणं पाळत होती. टीव्ही त्या खोलीत होता तर तिने मालिका बघणं सोडलं. देवघरातून बाहेरच्या दाराशी जायचं तर तोंड फिरवून जायची. आम्ही दोघी एकाच मातीच्या, त्यामुळे मीही टीव्ही हलवला नाही.

उन्हाळा आला. पंखे फिरत होते, पाणी अठ्ठावीसच्या आसपास राहत होतं, बाहेर शेचाळीस होतं. अमरावतीच्या दुकानदाराला मी थर्मामीटरचा फोटो पाठवला.

मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासायला मला अमरावतीला जावं लागलं. दुपारी जेवण करून पुन्हा गठ्ठा उघडला आणि फोन वाजला. आई होती.

"लाईट गेली. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जयला मन्ते. इन्व्हर्टरबी बंद पडला."

"बरं. तू खिडक्या उघड, पाणी पी."

"माह्यं नोको सांगू. तुह्ये मासे वर येऊन तोंड उघडून राहिले."

मी उठून बाहेर आले. पंप बंद, पंखे बंद, म्हणजे पाण्यात हवा जात नव्हती आणि पाणी तापत होतं. आणि आई त्या खोलीत होती. हे दोन्ही एकदम कळलं.

"आई, स्वयंपाकघरातला स्टीलचा मग घे. पाणी काढ आणि वरून ओत. उंचावरून. हवा मिसळली पाहिजे."

"याच पाण्यात हात घालू?"

तिकडून भांड्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा.

"असं?"

"असंच. फ्रीजमधल्या थंड बाटल्या आण, झाकण घट्ट लाव आणि तरंगत सोड. थांबू नको, मी निघते."

तपासणी केंद्राच्या प्रमुखांना सांगितलं की घरी अडचण आहे. काय अडचण, त्यांनी विचारलं. मासे मरताहेत म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बसस्टँडला जायला ऑटो धरला. खोटं कारण सुचलं होतं. द्यावंसं वाटलं नाही. बसमध्ये बडनेरा, मूर्तिजापूर जात राहिलं, मी दर थोड्या वेळाने फोन करत होते आणि आई दर वेळी एकच सांगायची, "ओतून राहिली ना मी. फोन ठेव, हात गुंतला हाये."

घरी पोचले तेव्हा वीज आली नव्हती. आई स्टुलावर बसली होती. पदर खोचलेला, पोलकं कोपरापर्यंत ओलं, कपाळावर घाम. स्टीलचा मग भरायची, हात वर न्यायची, ओतायची. लाट नव्हे, पण लाटेसारखंच काहीतरी. मासे पुन्हा पाण्याच्या मधोमध पोहत होते. कोळंबी मेली होती. आईने ती एका बशीत काढून ठेवली होती. प्रवाळ सगळं मिटलेलं.

मी तिच्या हातातला मग घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"आई, थकली असशील."

"तुह्यासाठी नाही करून राहिली मी," ती पाण्याकडेच बघत म्हणाली. "माह्या भावाले या पाण्यानं नेलं. मी तवा नुसती पाहत बसली. आता नाही बसत."

मी दुसरा मग आणला आणि तिच्या बाजूला उभी राहिले. वीज आली तेव्हा आमच्या दोघींचे हात मिठाने पांढुरके झाले होते. तिने ओठाला लागलेला थेंब जिभेने पुसला आणि तोंड वाकडं केलं. "आमच्या विहिरीपेक्षा लय खारट हाये," म्हणाली.

प्रवाळ उघडायला बरेच दिवस लागले. एक तुकडा उघडलाच नाही. तो विरघळून गेला. बाकीचे तगले.

पुढच्या रविवारी दादाचा फोन आला. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं की मासे वाचवायच्या नादात मी आईला उन्हात राबवलं. टाकी विकून टाक, आईचं वय पाह्य, असं बरंच बोलला. मी उत्तर देणार तेवढ्यात आईने फोन मागून घेतला.

"मले कोणी राबवत नाही," ती म्हणाली. "अन् विकाचं बिकाचं तू नोको सांगू. घर तुह्यं हाये काय?"

फोन माझ्या हातात देऊन ती मेथी निवडायला बसली, या खेपेला टाकीच्या खोलीत.

आता मी बॅटरीवर चालणारे हवेचे पंप घेतले आहेत, वाढीव बॅटरीही बसवली आहे. हिरव्या झालरीचा तुकडा वाढून शेजारच्या दगडावर चढला आहे. दुसरी, मोठी टाकी करायला सांगायची आहे. मोजमाप घेताना मी उंच टाकी म्हणत होते, तशी दिसायला चांगली दिसते. आई टेप धरून उभी होती. तिने टेप आडवा केला.

"रुंद घे. उंचीत काय ठेवलं हाये? माहा हात पोचला पायजे तळापर्यंत."

मी रुंदच सांगितली.