घरचं लाकूड

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाची होळी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या जिममध्ये व्हायची. मधोमध टेबलफॅन आडवा ठेवून त्यावर नारिंगी कागदाच्या पट्ट्या फडफडवायच्या, खाली लाल दिवा, आणि भोवती पुरणपोळ्या खाऊन सुस्तावलेली माणसं प्रदक्षिणा घालणार. अग्निशमन दल परवानगी देत नाही म्हणून हा तोडगा. इतरांना तो चालायचा, माझं मात्र डोकं फिरायचं. पंख्याला नैवेद्य दाखवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं मी दरवर्षी मोठ्याने म्हणायचो आणि दरवर्षी बायको मला कोपराने ढोसायची.

त्याच सुमारास आमच्या मागच्या अंगणातलं झाड गेलं. ॲशचं झाड होतं, उंच आणि सरळ. दोन उन्हाळ्यांत शेंड्यापासून वाळत वाळत खाली आलं. ते तोडायला आलेल्या माणसाने सालीचा एक तुकडा काढून मला दाखवला. वाळूत बोटाने रेघोट्या ओढाव्यात तशा आतल्या बाजूला नागमोडी वाटा कोरलेल्या होत्या. एक चमकदार हिरवा भुंगा असतो, त्याच्या अळ्या सालीखाली राहून झाडाचं पाणी तोडतात, असं त्याने सांगितलं. “लाकूड ठेवायचं तर ठेव, पण इथेच जाळ. दुसरीकडे नेऊ नको. आत अजून अळ्या आहेत, उन्हाळ्याच्या तोंडाशी भुंगे होऊन बाहेर पडतील.” मी मान डोलावली. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही, ते आधीच सांगून टाकतो.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. काही बिघडलं की ते कुठून सुरू झालं, कुणाच्या हातून, कोणत्या दिवशी, याचा अहवाल मी लिहितो. ऑफिसात माझ्या अहवालांना माणसं टरकून असतात. कुणी “कदाचित दुसरंही कारण असेल” असं म्हणालं की मी त्याला सोडत नाही.

मार्चमध्ये जर्सी सिटीत राहणाऱ्या माझ्या मित्राचा फोन आला. आम्ही नागपूरला एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. “यार, व्हरमाँटला केबिन बुक केलीय. डोंगरात, ओढ्याच्या काठी. बाहेर शेकोटीची जागा आहे. तिथे आपल्याला कोण विचारतंय? खरी होळी पेटवू. तू पुरणपोळ्या आण.”

“लाकूडही आणतो,” मी म्हणालो. “घरचं आहे.”

हे म्हणताना मला केवढा अभिमान वाटला होता. घरचं तूप, घरचा मसाला आणि घरचं लाकूड. गाडीची मागची सीट पाडून मी ओंडके रचले. व्हरमाँटमध्ये शिरताना रस्त्याच्या कडेला पाटी होती, बाहेरचं सरपण आणू नका अशी. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, “बाबा, डझ दॅट मीन अस?”

“ते ट्रकवाल्यांसाठी असतं,” मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

केबिनची मालकीण सत्तरीची होती. घराच्या मागे तिची पाणथळ जागा होती. तिथे गुडघाभर पाण्यात ॲशची झाडं उभी होती, आमच्या अंगणातल्या झाडाची काळी, पाण्यात राहणारी जात. तिच्या घरात कित्येक पिढ्या त्या झाडांच्या लाकडाच्या टोपल्या विणत होत्या. तिने आम्हाला पडवीत नेऊन एक सोललेला ओंडका दाखवला आणि लाकडी मोगरीने त्यावर ठोके घालायला सुरुवात केली. ठोकून ठोकून लाकडाचा एक थर सुटा झाला आणि लांबच लांब पट्टी उलगडत आली. “हे त्या झाडाचं एक वर्ष,” ती मुलीला म्हणाली. “पाऊस चांगला झाला असेल तर पट्टी जाड निघते.” बायको हरखून गेली. आपल्याकडे बुरूड बांबूच्या कामट्या काढतात ते तिने हातवारे करून सांगितलं. दोघींचं चांगलंच जमलं. मुलीला तळहाताएवढी टोपली मिळाली.

मग आम्ही गाडी रिकामी करायला लागलो आणि म्हातारी ओंडक्यांकडे बघून थांबली. “लाकूड कुठलं आहे?” तिने विचारलं.

येताना पुलापाशी मी एक छोटी शेड बघितली होती. आत सरपणाचे गठ्ठे आणि एक लोखंडी डबा. माणूस कुणी नाही. डब्यात पैसे टाकायचे आणि गठ्ठा उचलायचा. “खाली पुलापाशी घेतलं,” मी म्हणालो. एक क्षणही लागला नाही मला. मुलगी माझ्या शेजारीच उभी होती.

“मग काही काळजी नाही,” म्हातारी म्हणाली. पुलापाशी सरपण विकणारा माणूस तिच्या लहानपणापासूनचा शेजारी होता. त्याचं लाकूड त्याच्याच उतारावरचं असायचं, आणि तिच्या टोपल्यांसाठी दर हिवाळ्यात पाणथळातून ओंडके ओढून आणायचाही तोच.

संध्याकाळी बर्फ बाजूला सारून आम्ही दोन्ही कुटुंबांनी होळी रचली. नारळ टाकला, नैवेद्य दाखवला आणि पोट भरेस्तोवर बोंब मारली. समोरच्या डोंगरावरून ती परत ऐकू यायची आणि पोरं हसून लोळायची. मी सुखात होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांत परदेशात एकही सण मला इतका आपला वाटला नव्हता. जवळजवळ अर्धं लाकूड उरलं. ते मी म्हातारीच्या शेडमध्ये नीट रचून दिलं, तिला चुलीला होईल म्हणून. तिने दोनदा आभार मानले.

पुन्हा तिकडे जाईपर्यंत पाच वर्षं गेली. यंदा जुलैत गेलो, आम्ही तिघंच. पाणथळापाशी गाडी थांबवली आणि मी खाली उतरलोच नाही. झाडं उभी होती, पण पानं नव्हती. सुतारपक्ष्यांनी सालीचे वरचे पापुद्रे उडवले होते, त्यामुळे बुंधे वरून खालपर्यंत फिकट पिवळे दिसत होते. आमच्या अंगणातलं झाड मरताना हुबेहूब असंच दिसलं होतं. बायको हळूच म्हणाली, “हे तेच ना रे?” मी गाडी पुढे घेतली.

म्हातारीने आम्हाला ओळखलं, चहा केला आणि सगळं सांगितलं. मेलेली झाडं पाणी शोषत नाहीत म्हणून पाणथळातलं पाणी चढलं होतं आणि खाली उगवलेली लहान रोपंही त्यात कुजली होती. पुन्हा झाडं उभी राहतील असं तिला वाटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वनखात्याची माणसं येऊन गेली. तिच्या शेडमध्ये जुन्या सरपणातले काही ओंडके उरले होते, त्यांच्या सालीवर भुंगे बाहेर पडल्याची भोकं सापडली. “त्यांनी विचारलं, हे लाकूड कुठलं. मी सांगितलं, पुलापासचं.”

“मग तो काय म्हणाला?” मी विचारलं.

“आधी नाही म्हणाला. पण गठ्ठे कोण उचलून नेतं ते त्याला थोडंच कळतं? खोऱ्यात सगळीकडे झालं, की कीड त्याच्याकडून आली. मीही म्हणाले. मीच सगळ्यात जास्त म्हणाले.” तिने कप खाली ठेवला. “दोन वर्षं आम्ही बोललेलो नाही.” मग माझा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, “तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू तर त्याच्याकडून घेतलंस. तुला बिचाऱ्याला काय माहीत.”

मुलगी उठून बाहेर गेली.

केबिनमध्ये आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. “बाबा, दॅट वुड वॉज अवर्स.”

मी तिला समजवायला लागलो. भुंगा उडत येतो, दुसऱ्या कुणाच्या गाडीतूनही आला असेल, सगळ्या देशात पसरलाय, अमुक एका ओंडक्यातून आला असं कुणालाच सिद्ध करता येणार नाही. ऑफिसात कुणी माझ्यासमोर इतकं भुसभुशीत उत्तर दिलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

तिने सगळं ऐकून घेतलं. “ओके. सो टेल हर यू डोंट नो. बट टेल हर इट वॉजन्ट हिज.”

बायको म्हणाली, “सकाळी जा. मी येऊ का बरोबर?” मी नको म्हणालो.

सकाळी म्हातारी पडवीत होती. टबात शेवटच्या काही पट्ट्या भिजत घातल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. अंगणातलं झाड, तोडणाऱ्या माणसाचं बोलणं, गाडीतले ओंडके, पुलापासचं खोटं. मधे थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. ती पट्टी बोटांतून फिरवत होती, ती तिने टबात सोडली.

“रस्त्यावरची पाटी वाचली होतीस?”

“हो.”

“मग मला खोटं का सांगितलंस?”

“तुम्ही लाकूड जाळू दिलं नसतं,” मी म्हणालो. यापेक्षा मोठं कारण नव्हतंच. माझ्या हट्टाएवढं होतं ते.

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुसले, आत जाऊन चपला बदलून आली आणि म्हणाली, “गाडी काढ. हे त्याला तू सांगायचंस. मी गाडीत बसेन.”

रस्ता ओढ्याच्या कडेने उतरत होता. आदल्या रात्री सरी पडून गेल्या होत्या आणि पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ होतं. पाच वर्षांपूर्वी तळातला गोटा न् गोटा दिसायचा. तिने काच खाली केली. या ओढ्यातले ट्राउट मासे खड्यांच्या फटींत अंडी घालायचे, आता खड्यांवर चिखल बसलाय, असं तिने सांगितलं. शिवाय त्यांना गार पाणी लागतं आणि ओढ्यावर सावली राहिली नाही. हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. चिखल कुठून येतो ते मी विचारलं नाही, कारण वळण घेतल्यावर ते समोरच दिसलं.

पुलापासची शेड मोडली होती. तिच्या मागे, ओढ्याच्या वर, मला आठवत होता तो ॲशच्या झाडांचा गर्द उतार आता नागवा होता. वरपासून खालपर्यंत नुसती खोडं आणि त्यांच्यामधून पावसाने पाडलेल्या घळी. भुंगा लागलेली झाडं उभ्या उभ्या मरतात, ते मी आदल्या दिवशीच बघून आलो होतो. ही झाडं करवतीने कापलेली होती.

तो अंगणात खुर्चीवर बसला होता, उंच आणि वाळलेला. गाडीत कोण बसलंय ते बघून तो उठला. मी पुढे झालो आणि पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला, कारण तो मधेच प्रश्न विचारत होता. कोणत्या महिन्यात आला होतात? माझ्या शेडमधून एकही ओंडका घेतला नव्हता? नक्की? मी प्रत्येक वेळी उत्तर देत होतो. त्याचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही.

“म्हणजे माझ्या झाडांना काही झालेलं नव्हतं,” तो म्हणाला.

मला हो म्हणावं लागलं.

“मला कुणी तोडायला सांगितलं नव्हतं. वनखात्यानेही नाही. मीच म्हटलं, माझ्याकडून आलंय तर माझ्याकडेच थांबवू.” तो उताराकडे वळला. “दोन हिवाळे गेले सगळी पाडायला. पाडलेल्या एकेका झाडाची साल मी सोलून बघायचो, अळ्यांच्या वाटा कुठे आहेत म्हणून.”

मग तो माझ्या खांद्यावरून गाडीच्या उघड्या काचेकडे बघत, तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, “एकाही झाडावर मला काही दिसलं नाही. मला वाटलं, आपली नजर गेली. म्हणून मी तोडत राहिलो.”