शेजारचं घर आखताना

माझ्या बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, आजोबा गेल्यावर तू नाशिकला आत्याकडे का गेली नाहीस. तेव्हा मी आवाज नीट येत नसल्याचं सांगितलं. आवाज येत होता. उत्तर लांबलचक होतं, म्हणून आता लिहिते आहे. तुमच्यासाठी इंग्रजीत लिहिता आलं असतं, माझं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण आळीतल्या माणसांचं बोलणं इंग्रजीत बसत नाही. बाबा वाचून दाखवतील.

जव्हारला आपल्या आळीत सहा घरं एका रांगेत, भिंतीला भिंत लावून. पुढची पडवी सलग. पावसाळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत छत्री न उघडता जाता येतं. जवळच्या जामसर गावच्या बाया बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या उतरवून तिथेच टेकतात. पावसाआधी पडवीच्या उघड्या बाजूला कारवीच्या काठ्यांचे कूड बांधायचे. इथे आळीची एक रीत आहे. आपला कूड आपण बांधायचा नाही. वारा तिरका येतो, एकाच्या कुडातल्या फटीचं पाणी पुढच्याच्या पडवीत पडतं. म्हणून ज्याच्याकडे पाणी येणार त्याने मागच्याचा कूड बांधायचा. मी डावीकडच्या कंपाउंडर भाऊजींचा बांधायची, माझा उजवीकडच्या दुकानवाल्या वहिनी.

आजोबा गेले त्या वर्षीही माझा कूड बांधून झाला होता. कोणी बांधला, कधी बांधला, मी पाहिलं नाही. जेवायची, झोपायची, कपडे घड्या करून ठेवायची. रडू आलं नाही. लोक वाट पाहत होते बहुतेक.

त्याच सुमारास घरांचा विषय निघाला. भिंती फुगल्या होत्या, वासे वाळवीने खाल्ले होते. सहाही घरांनी मिळून नवीन बांधायचं ठरवलं. नाशिकहून एक तरुण आर्किटेक्ट मुलगी आली. जुनी कौलं आणि सागाचे खांब पुन्हा वापरायचे, छपराचं पाणी एका टाकीत घ्यायचं, कारण इथे चार महिने पाऊस कोसळतो आणि होळीनंतर विहीर आटली की हंडे घेऊन फिरावं लागतं. खेड्यांतून दवाखान्यात येणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी एक सामाईक खोली. पडवी सलगच ठेवायची. त्या मुलीने एवढंच बजावलं की भिंती एकमेकींत गुंतलेल्या आहेत, मधलं घर सोडून हे होणार नाही.

मधलं घर आपलं.

तुमच्या बाबांना आपल्या घरासाठी एक गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला तिथे एकट्याचं, पडवी तोडून थेट रस्त्यापर्यंत बांधायचं होतं. बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आई एकटी, वय झालेलं, लेकीजवळ राहावं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आळीला सगळं ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही. फक्त जामसरची एक बाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, पडवी तोडाल तं आमी बसू कुठं?" मी तिला पाणी दिलं.

एका रविवारी त्या आर्किटेक्ट मुलीने आळीमागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना बोलावलं. जमिनीवर सहा चौकोन दोऱ्यांनी आखले होते. प्रत्येकाच्या हाती रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं दिलं आणि सांगितलं, "आपल्याला घरात काय काय हवं ते इथे आखा. दार, मोरी, चूल, खाट, सगळं."

थोड्या वेळाने ती आली आणि गोंधळली. "अहो, हे काय? आपापलं घर आखा म्हटलं होतं ना?"

कुडाच्या रीतीप्रमाणे कोणीच आपल्या चौकोनात नव्हतं. वहिनींच्या पलीकडचे गुरुजी त्यांच्या चौकोनात वाकून मोरी खाटेजवळ आणत होते. "हिचे गुडघे गेलेत. पायरी घातलीत तर मोरीपर्यंत पालखी लागेल."

"तुमची जीभ तेवढी शाबूत आहे," वहिनी म्हणाल्या. त्या स्वतः माझ्या चौकोनात होत्या. पदर खोचून त्यांनी खिडकी आखली, खिडकीशी खाट आखली. एकच खाट. मग मागे आणखी एक खोली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"नातवंडं आली तर काय छपरावर निजवणार?"

"वहिनी, मी अजून काही ठरवलेलं नाही."

"ठरवा की. मी कुठे अडवलंय?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "इंग्रजी शिकलेली माणसं, मनातलं बोलतील तर शपथ. सरका, दाराच्या रेघेवर उभ्या आहात."

मी सरकले. माझ्या हातातलं घमेलं भरलेलं होतं. डावीकडचा चौकोन तेवढा कोरा होता, भाऊजींचा. ते त्यांच्या पलीकडच्या चौकोनात काम करत होते आणि मधून मधून कोऱ्या चौकोनाकडे बघत होते. माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. रोज उन्हं आली की तिला खाटेसकट पडवीत आणतात, आणि रोज खाट दारात तिरपी करावी लागते. म्हातारी दोन्ही हातांनी खाटेची कड धरून ठेवते. हे मी इतकी वर्षं माझ्या पडवीतून पाहत आले आहे.

मी त्या कोऱ्या चौकोनात गेले आणि दार आखलं. खाट सरळ बाहेर येईल एवढं रुंद. मग चूल दूर सरकवली, म्हातारीला धूर सोसत नाही. मोरी आखली.

"उंबरठा नको," भाऊजी पलीकडून म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी तुमच्या बाबांना फोन केला आणि गिऱ्हाइकाला नाही सांगायला सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. हात धुतले तरी नखांत फक्की राहिली होती.

जुनी घरं उतरवली तेव्हा मी समोर खुर्ची टाकून बसले होते. मजूर कौलं मोजून रचून ठेवत होते. आजोबांची खोली उघडी पडली, भिंतीवर कपाटाची जागा फिकट दिसत होती. तेव्हाही काही वाटलं नाही. वाटेल कधीतरी, असं आत्या म्हणते.

आता भिंती पूर्ण झाल्या आहेत, छप्पर चढतं आहे. सध्या आम्ही सगळे मागच्या गल्लीत भाड्याने राहतो. जुन्यापैकी दगडी जोतं, विहीर आणि पडवीचे बहुतेक खांब शिल्लक आहेत. आणि सहाही बिऱ्हाडं इथेच आहेत.